शालनताईंची जोडचव

आमच्या फार्मसीत डोकेदुखीची साधी गोळी मिळत नाही. हे मिरजेतल्या अर्ध्या लोकांना मी सांगून झालंय, आणि उरलेले अर्धे अजून विचारायला येतात. "मग बोर्डावर फार्मसी कशाला लिहिलंय, बाई?" असं वर ऐकवून जातात. त्यांचंही चुकत नाही. औषधाच्या दुकानात औषध आयतं मिळावं, एवढीच माणसाची अपेक्षा असते. आम्ही मात्र एका वेळी एकाच माणसाचं औषध बनवतो. डॉक्टरांनी लिहिलेलं मिश्रण घ्यायचं, त्या माणसाच्या वजनाला, पोटाला, किडनीला सोसेल असं बेतायचं आणि त्याचं मलम, थेंब नाहीतर चघळायच्या वड्या करून द्यायच्या. शेजाऱ्याला त्या वडीचा उपयोग शून्य.

आमच्याकडे येणारे सगळे दुखण्याचे जुने मानकरी. कुणाची पाठ दहा वर्षं धरलेली, कुणाच्या कापलेल्या पायाची बोटं अजून ठणकतात. पूर्वी या लोकांचं घरचेसुद्धा खरं मानत नसत. आता मनगटाला काटा आला. रुपयाएवढी चकती आहे ती. कातडीवरून मज्जातंतूंची धावपळ वाचते आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवते. त्यामुळे हल्ली कुणी "बरं आहे का?" विचारत नाही, "काटा किती?" विचारतात. उत्तर खरं द्यावं लागतं, ही त्यातली मोठी गैरसोय.

काट्यामुळे दुखणं मोजता आलं आणि त्यातूनच जोडचव निघाली. गोष्ट तशी साधी आहे. मेंदूचं स्वतःचं एक औषधाचं दुकान असतं. वेदना मारणारी रसायनं तो स्वतः बनवतो, फक्त आपण मागितली म्हणून देत नाही. पण खरं औषध दर वेळी एकाच नव्या चवीबरोबर दिलं, तर दोन-तीन आठवड्यांत मेंदू त्या चवीला ओळखायला लागतो. ती जिभेवर आली की मागोमाग औषध येणारच असं धरून तो आपल्या दुकानाचं शटर आधीच वर करतो. मग दहातल्या सहा-सात वड्या रिकाम्या दिल्या तरी काटा खाली येतो. हे सगळं रोग्याला सांगूनच करतात, फसवाफसवी नाही. कुठली वडी रिकामी, एवढंच त्याला माहीत नसतं.

अटी मात्र कडक आहेत. चव आयुष्यात पूर्वी कधी भेटलेली नसावी, कारण ओळखीच्या चवीला आधीच शंभर आठवणी चिकटलेल्या असतात. आणि औषधाची वेळ सोडून ती पुन्हा कुठे भेटू नये. चार ठिकाणी उगाचच भेटली की मेंदूचा विश्वास उडतो, आणि एकदा उडाला की तीच चव परत बसत नाही. म्हणून प्रत्येक माणसासाठी निराळी चव जुळवायची, हे माझं काम. त्या चवी आम्ही स्वतः चाखत नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चव न बघता करतात ना, तसंच.

एवढी सगळी हुशारी मी मिरवत होते, तोवर माझ्याच घरच्या माणसाच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी आली.

शालनताई माझ्या थोरल्या जाऊ. दुकान खाली, घर वर, आणि वरचं सगळं राज्य त्यांचं. थोरले दीर गेले. धाकटे, म्हणजे आमचे हे, अजून पेपर वाचतात. मी लग्न होऊन आले तीच डिग्री घेऊन, आणि पहिल्याच आठवड्यात ताईंनी माझी पोळी बघून हात जोडले. "विभा, तू दुकान बघ. पोळीवर उपकार कर." तेव्हापासून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच जायची. ताईंच्या हाताची ख्याती अशी की गल्लीतल्या बायका आमटीची वाटी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "जरा काय कमी आहे बघा की." ताई वास घेऊनच सांगायच्या.

त्यांना डाव्या बरगडीवर नागीण उठली. नागीण गेली, पण आग मागे ठेवून गेली. पदराचा काठ लागला तरी कळ उठायची, म्हणून घरात त्या टॉवेलसुद्धा खांद्यावर घेईनात. काटा पंच्याऐंशी. औषधानं तो तिशीवर यायचा आणि त्या दिवसभर पेंगायच्या. असं दीड वर्ष चाललं आणि मग रक्ताचे रिपोर्ट बिघडले.

दुखण्याचे आमचे मोठे डॉक्टर म्हणजे तौफिक पटवेगार. माणूस इतका शांत, की वाईट बातमीही चहा विचारल्यासारखी सांगतात.

"ताई, किडनी थकलीय. याच मापात औषध चालू ठेवलं तर वर्षाच्या आत डायलिसिस."

"आणि थांबवलं तर?"

"तर काटा ऐंशीच्या खाली येणार नाही."

"मधलं काय न्हाई का, डॉक्टरसाहेब?"

"आहे की. तुमच्या खालच्याच मजल्यावर आहे."

ताईंसाठी न चाखलेली चव शोधायची, म्हणजे काय काम होतं ते माझं मला ठाऊक. मी अर्क जुळवून थेंब वर न्यायची, त्या जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "नागकेशर. वरनं जरा सुंठ." मी खाली यायची. दुसरा न्यायची. "हे दगडफूल हाय, पण शिळं." शेवटी मी देवाच्या वाटेला गेले. दवणा देवाला वाहतात, खात कुणी नाही. त्यात भाजलेल्या चिंचोक्याचा अर्क आणि खायच्या कापराचा कण घातला. ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. "हे काय गं?" म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना उत्तरच दिलं नाही.

चव झकास बसली. श्रावण संपेस्तोवर औषध एक तृतीयांशावर आलं, काटा पस्तीस, पेंग गेली. एका सकाळी बघते तर ताई पदर खोचून ओट्याशी उभ्या. पदर! मी जिन्यातच थांबले आणि डोळे पुसले. हे पेपराआडून म्हणाले, "कांदा वहिनी चिरताहेत आणि रडतेस तू?"

आणि मग गौरी आल्या.

जेवणाच्या दिवशी मी दुकान बंद करून वर गेले तर घर बायकांनी भरलेलं. गौरींपुढे सोळा भाज्या, पुरण, आणि मधोमध चांदीच्या ताटलीत खव्याच्या वड्या. प्रसाद म्हणून एक माझ्या हातावर पडली. ती तोंडाशी नेली आणि न खाता तशीच खाली घेतली. दवणा.

"ताई, हे काय केलंत?"

"ओळखलंस?" त्यांचा चेहरा असा फुललेला. "दोन महिनं लागलं मला. दवणा तर पयल्यांदा ध्यानातच येईना. चिंचोका भाजून कुटला, कापराचा कण टाकला. चव न बघता केलंय बरं का, नुसत्या वासावर! जिच्यानं बरं वाटलं, ती चव आधी गौरीला दाखवल्याबिगर खायची म्हंजे कृतघ्नपणा की गं."

"तुम्ही खाल्ली?"

"प्रसादाला नको म्हणायचं असतंय व्हय?"

त्यांनी तीन खाल्ल्या होत्या. उरलेला डबा त्याच संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर अर्धी-अर्धी करून संपला. मी तो लपवायच्या आधी. ताईंना मी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. पण 'बाहेर कुठे खाऊ नका' या वाक्यातलं बाहेर म्हणजे हॉटेल, असं त्यांनी धरलं. देवघर बाहेर कसं असेल?

पंधरा दिवसांत काटा सत्तरवर गेला. वडी चघळून त्या वाट बघत बसायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. "आज रिकामी होती?" विचारायच्या. नसायची. तरी मी "हो" म्हणायची.

पटवेगारांनी रिपोर्ट दोनदा वाचले. "पूर्ण मापात औषध आणखी एकदाच देता येईल. तीन आठवडे. तेवढ्यात नवी चव बसली तर बसली." ते माझ्याकडे वळले. "घाई करू नका. पण चुकूही नका."

ताई परत अंथरुणाला लागल्या आणि मी अर्क जुळवायच्या यंत्राला. पण दवण्याचा छडा लावल्यापासून त्यांच्या जिभेला धारच चढली होती. बाराशे अर्कांपैकी ज्याला हात लावीन त्याचं कूळ त्या सांगायच्या. निसर्गात नसलेला, प्रयोगशाळेत जन्मलेला एक रेणू मी मागवून घेतला. ताई म्हणाल्या, "स्टँडमागं टायर जाळत्यात, तिथला वास." ओळखीचा निघाला तोही! मी वैतागून म्हटलं, "तुम्ही जगात चाखायचं ठेवलंय तरी काय?" त्या हसल्या आणि हसण्यानंही बरगडीत कळ उठली.

घरात डबा येत होता. एके दिवशी डबेवाली आलीच नाही. हे म्हणाले, "मी केळी खातो." ताईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दुकान बंद केलं, वर आले आणि ज्वारीचं पीठ काढलं. विशेष हुशारी दाखवण्याचा हेतू नव्हता, भूक लागलेल्या माणसाला काहीतरी द्यायचं होतं. आधण जास्त झालं, पीठ हाताला चिकटलं, कडा फाटल्या. मीठ राहून गेलं. पण तव्यावरून काढून आचेवर धरली तेव्हा ती चक्क फुगली! फुगलेली भाकरी माझ्याच हातची, याचा मला इतका चेव आला की वाफ जायच्या आत ती ताटलीत टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि पळत ताईंच्या पलंगाशी गेले.

"लगेच खा. गार झाली तर मला परत जमायची नाही."

त्यांनी बोटं भाजत तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि थांबल्या. डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. मीठ नाही हे सांगतील म्हणून.

"विभा, हे काय हाय?"

"भाकरी."

"चेष्टा करू नगंस. भाकरी मला ठाव हाय. मीठ घाटलं नाहीस, त्येबी ठाव हाय." त्यांनी दुसरा तुकडा घेतला. "हे कायतरी दुसरंच हाय. वर नाकात चढतंय."

मी पलंगाच्या कडेला बसले.

हे शास्त्र मला परीक्षेपुरतं माहीत होतं. वास दोन वाटांनी येतो. एक बाहेरून, नाकानं ओढलेला. दुसरा घास तोंडात असताना घशामागून वर चढणारा. मेंदू या दोन्हींना वेगवेगळं मानतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो ती बरीचशी ही मागच्या दारानं आलेली. भाजलेल्या धान्यातले काही वास फार हलके असतात. तव्यावरून उतरल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातात. गार भाकरीत ते नसतात, आणि परत गरम केली तरी येत नाहीत.

"ताई, तव्यावरची भाकरी तुम्ही शेवटी कधी खाल्लीत?"

"असं कसं, रोज..." त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. "रोज करते की."

"करता. खाल्ली कधी?"

त्या आठवायला लागल्या. आधी पुरुषमाणसं, मग पोरं, मग मला दुकान उघडायचं म्हणून मी. पाहुणा असला तर पाहुणा. सगळ्यांच्या ताटात तव्यावरची. त्यात त्यांचा अभिमान होता. मग ओटा आवरून त्या बसायच्या तेव्हा टोपल्यात तळाची राहिलेली, वाफेनं भिजून मऊ पडलेली. आणि माहेरी? माहेरी सात भावंडांत थोरल्या. आठव्या वर्षी चुलीपुढे.

"न्हाई बाई," त्या अगदी सहज म्हणाल्या. "तसा येळच आला न्हाई."

मला राग आला. नेमका कुणाचा ते मात्र ठरवता येईना, कारण जबाबदार धरावं अशी जी माणसं घरात सापडतील, त्यांत मीही होते. मिरजेतली सगळ्यात तयार जीभ, आणि आमच्याच घरात चार दशकं तिच्यापासून जी चव हातभर अंतरावर होती, ती मी यंत्रात शोधत होते.

पटवेगारांना फोन केला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "वाफेचं नातं बसेल का ते सांगता येत नाही. पण चव कोरी आहे, हे खरं. औषध कशात घालाल?"

"लोण्यात."

"आमच्या अम्मीला हे कळवू नका," ते म्हणाले. "तीही उभ्याउभ्याच जेवते."

लोणी फार्मसीत आलं. औषध त्यात विरघळवून, मापून, छोट्या गोळ्या करून मी बर्फात ठेवल्या. सगळी तयारी झाली आणि पेशंटच अडून बसला.

"भाऊजी जेवायचं हायत अजून," ताई म्हणाल्या. "ते उपाशी आणि मी आधी खाऊ? लोक काय म्हणतील?"

"इथं लोक कुठे आहेत? औषध आहे ते."

"औषध असंल तर वडीत घाल. ताटावर बसून न्हाई मला जमायचं. त्यापेक्षा दुखू दे."

काटा त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होता. आणि त्या खरंच तसंच म्हणत होत्या, हट्टानं नव्हे. लाज वाटत होती त्यांना. दुखण्यापेक्षा ती मोठी होती. पहिली भाकरी माझ्या हातातच गार झाली. दुसरीही. तीन आठवड्यांतला एक दिवस फुकट जाणार, हे मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

तेव्हा ह्यांनी पेपराची घडी घातली. अख्ख्या संसारात अर्धवट वाचलेला पेपर ठेवताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते आत आले, ताईंच्या समोर भुईवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून मी तुमच्या हातचं गरम खातोय. आज तुमचं झाल्याशिवाय ताटाला हात लावणार नाही. आणि मला भूक लागलीय, बरं का. चांगलीच."

भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवणं ताईंना त्याहून अशक्य. तिसरी भाकरी फुगली. मी धावले. त्यांनी मान खाली घालून घाईघाईनं खाल्ली, चोरून खाल्ल्यासारखी. हे समोर बसून होते. संपल्यावर म्हणाले, "आता मला वाढा."

असे ते तीन आठवडे गेले. मला भाकरी यायला लागली, हे त्यातलं किरकोळ नवल. ताई मान वर करून जेवायला लागल्या. मग "जरा जाड झाली" म्हणायला लागल्या, तेव्हा मी समजले की बाई बऱ्या होताहेत. चौथ्या आठवड्यात पहिला रिकामा गोळा ठेवला. भाकरी दिली आणि काट्याकडे बघत उभी राहिले. साठ. त्यांनी तुकडा मोडला. सत्तावन्न. वाफ वर चढली. पन्नास, चव्वेचाळीस, अडतीस. मी तशीच खाली दुकानात गेले आणि शटर न उघडता तिथं पोटभर रडून घेतलं.

एका मोठ्या कंपनीचे लोक मधे येऊन गेले. ही चव पाकिटात घालता येईल का म्हणाले. मी त्यांना तव्यासमोर उभं केलं. पाकीट फोडेपर्यंत वास उडतो हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर त्यांनी चार-चार भाकऱ्या खाल्ल्या. मी कुठे बाहेरगावी जात नाही. सकाळ-दुपार तव्यापाशी हजर असावं लागतं. तक्रार नाही, पण गावाला जावंसं वाटत नाही असंही नाही. वाटतं.

वर्ष फिरलं. किडनी जिथं होती तिथंच थांबली होती, आणि औषध महिन्यातून मोजक्या वेळा, विश्वास टिकवण्यापुरतं. गौरी आल्या. येतात त्या दिवशी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. तो दिवस कॅलेंडरवर मला आठवडाभर आधीपासून दिसत होता आणि झोप उडाली होती.

मुखवटे बसले. हे निरांजन लावून, घंटा घेऊन तयार. मी भाकरी तव्यावर टाकली. ताई दोन तास उभं राहून गौर सजवत होत्या, काटा छप्पन्न.

"ताई," मी हळूच म्हटलं, "यंदा गौरीला वेगळं काही दाखवायचं नाही ना?"

"न दाखवून कसं चालंल?"

मी तवा सोडून त्यांच्याकडे वळले.

"घाबरतीस कशाला," त्या म्हणाल्या. "मी इचार केलाय. गौर माहेरपणाला येती. तीन दिसांची पाहुणी. आणि आरती, मंत्र, फुलं होईस्तवर तिची भाकरी गार. दरसाल मीच गार केली की गं तिची. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." त्या तव्याकडे बघत होत्या. "फुगली बघ. काढ. अर्धी तिच्या पानात, अर्धी माझ्या. भाऊजी, आरती मागनं."

ह्यांनी घंटा खाली ठेवली.

मी भाकरी मोडली. अर्धी केळीच्या पानावर, मुखवट्यापुढे, वाफ निघत असलेली. अर्धी ताईंच्या ताटलीत, वर लोणी. लोणी रिकामं होतं. ताई पाटावर गौरीच्या समोर बसल्या आणि दोघी माहेरवाशिणी जेवल्यासारख्या बसूनच राहिल्या. आकडा उतरत गेला. तिसाच्या खाली गेल्यावर मी बघायचं सोडलं.

ताटली पुसून ताई उठल्या आणि माझ्या हातातली कालथी काढून घेतली.

"सर. तू बस पाटावर."

"अहो, अजून ह्यांचं, पाहुण्यांचं..."

"वरीस झालं तू टोपल्यातली तळची खातीयास. मला दिसत न्हाई व्हय?"

त्यांनी भाकरी थापली. तशी गोल मला सात जन्मांत जमणार नाही. फुगली, आचेवरून सरळ माझ्या ताटात आली, आणि ताई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"खा लौकर," त्या म्हणाल्या. "वाफ जाईल."